कमाटीबागेत पहिल्यांदा जाताना: उन्हाच्या चालीने एक दिवस

बडोद्यात बदली होऊन आलेलं एखादं मराठी कुटुंब भेटलं की पहिल्याच चहाला विचारतं, "मुलांना घेऊन रविवारी जायचं कुठे?" माझं उत्तर ठरलेलं आहे: कमाटीबाग. पाटीवर सयाजीबाग असं लिहिलेलं दिसेल. पण रिक्षावाल्याला, भाजीवालीला किंवा शेजारच्या बेनला विचारलंत तर ती कमाटीबागच. विश्वामित्री नदीच्या काठी १०० एकरांहून मोठी अशी ही बाग १८७९ सालची आहे. तिसरे सयाजीराव तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचे होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक येऊन त्यांना चारच वर्षं झाली होती, आणि राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. बडोद्याचं आणि आपलं नातं या बागेइतकं जुनं, खरं तर त्याहूनही जुनं आहे. इथे सतरंजी टाकून बसलेल्या दहा कुटुंबांत एखादं तरी मराठीत बोलताना ऐकू येतं.

पण बाग मोठी आहे आणि नवखा माणूस हमखास चुकतो. जेवूनखाऊन बारा वाजता पोहोचायचं, भर उन्हात पिंजऱ्यापाठी पिंजरे बघायचे, प्राणी सगळे सावलीला निजलेले, मुलं रडवेली, आणि तीन वाजता पाय ओढत परत. मग म्हणायचं, "बाग बरी आहे, पण दमायला होतं." दमायला होतं ते क्रम चुकल्यामुळे. या बागेत उन्हाच्या चालीने फिरायचं: सकाळी नदी आणि प्राणी, जेवण झाडाखाली, दुपार संग्रहालयाच्या भिंतींआड आणि संध्याकाळ पुन्हा हिरवळीवर. एवढं सांभाळलंत तर आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना दिवस पुरेल.

आधी दिवस ठरवा

सर्वांत चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी स्वेटर लागतो आणि दहा वाजता तो काढून कमरेला बांधावा लागतो, अशी हवा. होळीनंतर ऊन चढतं, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. एका मेमध्ये मी कोल्हापूरहून आलेल्या मावशीला हौसेने अकरा वाजता बागेत नेलं. पाऊण तासात तिला गरगरायला लागलं. एका ताकवाल्याने आपल्या छत्रीखाली बसायला जागा दिली, दोन ग्लास ताक पाजलं, तेव्हा कुठे ती उठली. तेव्हापासून उन्हाळ्यात कोणी आलं की मी फक्त सकाळी सात ते साडेनऊ किंवा संध्याकाळी सहानंतर नेते. मधल्या वेळात घरी पन्हं प्यावं.

पावसाळ्यात बाग सगळ्यांत देखणी असते, आणि सगळ्यांत बेभरवशाचीही. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते. वरच्या भागात जोराचा पाऊस झाला, आजवा धरणाचं पाणी सुटलं, की शहरात पाऊस थांबलेला असला तरी नदी चढत राहते. बागेच्या तोंडाशी असलेल्या काळा घोडा या पुतळ्याजवळच्या पुलाशी धोक्याची पातळी २६ फूट आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. त्या दिवसांत बडोदेकर एकमेकांना फोन करून तब्येत विचारत नाहीत, "काळ्या घोड्याला किती?" असं विचारतात. पातळी वाढत असल्याची बातमी असेल तर बेत सरळ पुढे ढकला. पूर ओसरल्यावरही लगेच जाऊ नका. मागे राहिलेला गाळ निसरडा असतो, आणि त्यात काय दडलंय ते वरून दिसत नाही.

वार निवडता येत असेल तर रविवार टाळा. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत गर्दी असते, उत्तरायणच्या, म्हणजे पतंगांच्या सणाच्या, आसपासही. १४ जानेवारीच्या आगेमागे दुचाकीवर येणार असाल तर गळ्याला मफलर किंवा ओढणी नीट गुंडाळा, कारण मांजा रस्त्यावर आडवा येतो. प्राणिसंग्रहालयाला आणि संग्रहालयाला आठवड्याची सुट्टी असते, शिवाय सरकारी सणवार. निघण्याआधी त्या दिवसाची चौकशी करा. लहान मुलाला बंद दारापुढून परत फिरवणं फार जड जातं.

पिशवीत काय घ्यायचं

एक जुनी सतरंजी आणि तिच्याखाली घालायला प्लास्टिकचा कागद. हिवाळ्यात सकाळी गवत दवाने चिंब असतं. कागद नसला तर दहा मिनिटांत सगळ्यांचे कपडे ओले. माणशी एक लिटर पाणी घरून न्या. टोपी, मुलांसाठी कपड्यांचा एक जास्तीचा जोड, कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. संध्याकाळपर्यंत थांबणार असाल तर ओडोमॉस विसरू नका. नदीकाठी दिवेलागणीला डास असे उठतात की बसलेली मंडळी एकदम उभी राहतात.

डब्याचं माझं गणित साधं आहे: जे हाताने खाता येतं, सांडत नाही आणि चार तासांत आंबत नाही ते. तिखटामिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, दशम्या, लसणाची कोरडी चटणी, काकडी, संत्री. आमटीभात नेऊ नका. इथलं काही हवं असेल तर आदल्या दिवशी लीलो चेवडो आणून ठेवा. हा आपल्या चिवड्यासारखा कुरकुरीत नसतो. बटाट्याचा कीस आणि चण्याची डाळ घातलेला, मऊसर, ओलसर, गोड-आंबट असा हा प्रकार खास बडोद्याचा. पहिल्या घासाला पुण्याची माणसं बिचकतात, तिसऱ्या घासाला डबा स्वतःकडे ओढतात. तो मात्र हाताने खाऊ नका, चमचे न्या.

पोहोचायचं कसं

बाहेरगावाहून एका दिवसासाठी येणाऱ्यांचीही सोय आहे, कारण बाग स्टेशनपासून जेमतेम किलोमीटरभर. मुंबईहून रेल्वेने सुमारे ३९० किलोमीटर. पहाटेची गाडी पकडली तर दुपारचा डबा बागेतच उघडता येतो. स्टेशनातून सयाजीगंजच्या बाजूने बाहेर पडा. अलकापुरीच्या बाजूने पडलात तर उगाच वळसा. सामान कमी असेल तर चालत जा, पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्याच भागात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेचा घुमट आहे. विजापूरच्या गोलघुमटावरून बेतलेला, तोही पाहून घ्या. रिक्षा केलीत तर "काळा घोडा" एवढं बोललात तरी पुरे.

काळा घोडा म्हणजे बागेच्या तोंडाशी असलेला सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा. ब्रॉन्झचा, काळा पडलेला, म्हणून ते नाव. फ्रान्सिस डरवेंट वुड या इंग्रज शिल्पकाराने तो घडवला. बाहेरून येणाऱ्या चार गाड्यांची मंडळी जमवायची असतील तर ठिकाण म्हणून हेच सांगा. "बागेत भेटू" असं म्हणू नका. आत गेल्यावर माणसं एकमेकांना अर्धा-अर्धा तास शोधत राहतात.

बागेत शिरायला तिकीट नाही. आतल्या प्राणिसंग्रहालयाची, संग्रहालयाची, तारांगणाची आणि मुलांच्या रेल्वेगाडीची तिकिटं मात्र वेगवेगळी. सुटे पैसे जवळ ठेवा.

सकाळ: प्राणी आणि नदी

आत शिरताच मुलं रुळांकडे धावतील. त्यांना वळवा आणि आधी प्राणिसंग्रहालयात न्या. वाघ-सिंह सकाळी जागे असतात, येरझारा घालतात. अकरानंतर त्यांच्या पाठीच दिसतात. हरणंही सकाळीच कुंपणाजवळ येतात. मोठ्या पक्षीघराला वेळ ठेवा. मुलांना घाई नसेल तर तिथे एका जागी पाच मिनिटं गप्प उभं राहायला सांगा. मग पक्षी स्वतःहून खाली येतात. डबा प्राणिसंग्रहालयात उघडू नका, आणि माकडांना किंवा हरणांना घरचं काहीही घालू नका. प्लास्टिकची पिशवी गिळून जनावर मरतं. आपल्याला ते कळतही नाही.

आता मुख्य गोष्ट. बाग नदीच्या दोन्ही काठांवर पसरली आहे आणि आतूनच पूल आहे. त्या पुलावर थांबा. विश्वामित्रीत मगरी आहेत. एकदोन नव्हेत, शेकडो, आणि त्या कोणी आणून सोडलेल्या नाहीत. भरवस्तीच्या शहरातून वाहणाऱ्या नदीत त्या पिढ्यान्‌पिढ्या राहतात. सांगलीच्या आणि चिपळूणच्या लोकांना याचं नवल वाटणार नाही, कृष्णेत आणि वाशिष्ठीतही त्या आहेत. पण पुण्या-मुंबईहून आलेली मंडळी पुलाच्या कठड्याला टेकून विचारतात, "खऱ्या?"

मगर बघायची तर हिवाळ्यातली सकाळ, नऊ ते अकरा. रात्री पाणी गार पडलेलं असतं. थंड रक्ताचा प्राणी ऊन खायला बाहेर येतो आणि काठावरच्या चिखलात तासन्‌तास पडून राहतो. नवख्या डोळ्याला ती दिसत नाही, कारण चिखल आणि मगर यांचा रंग एकच. पाण्याच्या रेषेवर नजर ठेवून हळूहळू सरका, आणि ओंडका वाटेल तिथे थांबा. एका जानेवारीत माझा भाचा शेजारी उभा होता. "मावशी, नुसतं लाकूड आहे गं," तो म्हणाला, आणि लाकडाने तोंड उघडलं. आतला फिकट पिवळा जबडा लख्ख दिसला, वरचे-खालचे दात वेगवेगळे मोजता येतील इतका. दोन हातांवर एक बगळा एका पायावर उभा होता, तो हललाही नाही. मगर तशीच आ वासून पडून राहिली, पाच मिनिटं, दहा मिनिटं. भाच्याला वाटलं ती चिडली आहे. तसं नसतं. अंग तापलं की मगर तोंड उघडं ठेवते, त्यातून उष्णता बाहेर पडते. त्या दिवशी पोराने गाडीत बसायचा हट्ट सोडला आणि अर्धा तास पुलावरून हलला नाही.

म्हणूनच हा नियम मी प्रत्येक पाहुण्याला दारातच सांगते: विश्वामित्री बघायची ती वरून, पुलावरून आणि कुंपणाच्या आतून. पाण्यापर्यंत उतरायचं नाही. पाय बुडवायला नाही, हात धुवायला नाही, वाहत गेलेला चेंडू आणायला तर नाहीच. फेब्रुवारी-मार्चपासून माद्या काठाच्या मातीत खड्डे करून अंडी घालतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला पिल्लं बाहेर येतात. त्या काळात मादी घरट्यापासून हलत नाही. वरून दगड मारणारे लोक दिसले तर त्यांना थांबवा. मी थांबवते. बहुतेक वेळा नीट सांगितलं की ऐकतात, आणि एखादा ऐकत नसेल तर बागेच्या रखवालदाराला बोलवावं. ती नदी आधी मगरींची आहे. शहर नंतर आलं.

नदीला वास येतो, हेही सांगून ठेवते. शहराचं सांडपाणी तिच्यात जातं आणि उन्हाळ्यात पाणी कमी झालं की पुलावर नाकाला रुमाल लावावा लागतो. पावागडच्या झऱ्यापासून निघालेल्या नदीची ही अवस्था पाहून वाईट वाटतं. पण त्याच पाण्यावर खंड्या सूर मारतो, पाणकावळे पंख पसरून वाळत बसतात, टिटवी ओरडत असते. नदी मेलेली नाही.

सतरंजी कुठे टाकायची

साडेअकराच्या सुमारास भूक लागते. जागा निवडताना तीन गोष्टी बघा. पहिली, सावली आत्ता कुठे आहे ते बघू नका, तासाभराने कुठे जाईल ते बघा. झाडाच्या पूर्वेला बसलात तर ऊन डोक्यावरून सरकल्यावर सावली तुमच्याकडे येते, पश्चिमेला बसलात तर दूर जाते. दुसरी, वर बघा. उंच झाडांवर काळ्या पिशव्या टांगल्यासारखं दिसलं तर ती वटवाघळं. त्यांच्याखाली डबा उघडला तर पश्चात्ताप होईल. तिसरी, बुंध्याशी खाली बघा. लाल मुंग्यांची रांग दिसली तर दहा पावलं पुढे चला.

नदीच्या अगदी कडेला, "व्ह्यू चांगला आहे" म्हणून बसू नका. कारण वर आलंच आहे. मोठी हिरवळ मध्यभागी आहे, तिथे मुलांना पळायलाही मोकळं असतं. जेवणाआधी हात धुवायला नळ शोधून ठेवा, जेवणानंतर शोधत बसू नका. माकडं आली तर डब्याला झाकण लावा आणि त्यांच्याकडे टक लावून बघू नका. पिशवी ओढली तर सोडून द्या, हिसकू नका.

जेवण झाल्यावर आपली जागा उचलून द्या. संत्र्याची सालंसुद्धा. सकाळी सहाला झाडू घेऊन येणाऱ्या बाया मी रोज बघते. कागदी पत्रावळी आणि थर्माकोलच्या वाट्या गोळा करता करता त्यांची कंबर मोडते. घरून स्टीलच्या थाळ्या आणल्या तर त्यांचं तेवढं काम कमी होतं.

दुपार: भिंतींआड

एक ते चार ऊन टाळायला बागेतच उत्तम जागा आहे, बडोदा संग्रहालय आणि चित्रदालन. संग्रहालयाची स्थापना १८८७ची, इमारत १८९४ची, वास्तुशिल्पी रॉबर्ट चिझम. शेजारचं चित्रदालन १९०८ला बांधायला घेतलं, १९१४ला पुरं झालं, पण उघडलं १९२१ला. कारण युरोपातून यायची चित्रं पहिल्या महायुद्धात तिकडेच अडकली. आत शिरताच उंच छताखालची गार हवा अंगाला लागते.

सगळं बघायचा अट्टहास करू नका. मुलं बरोबर असतील तर तीन गोष्टी पुरेत. निळ्या देवमाशाचा सांगाडा, ७० फुटांच्या घरातला. १९४४ साली हा देवमासा महीच्या मुखाशी वाहत आला होता. त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत मुलांना पावलं मोजत चालवा, मग सत्तर फूट म्हणजे किती ते कायमचं लक्षात राहतं. दुसरी, इजिप्तची ममी. लहान मुलं घाबरत असतील तर आधी सांगून न्या. तिसरी, अकोट्याच्या धातूच्या जैन मूर्ती. अकोटा म्हणजे बडोद्याचाच भाग, तिथल्या मातीतून १९५१मध्ये त्या निघाल्या. त्यांच्या चेहऱ्यांपुढे थोडं थांबा. राजा रविवर्म्याची चित्रं शोधायला आला असाल तर ती इथे नाहीत, लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात आहेत. त्यासाठी वेगळा दिवस काढा.

आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना चालायला लावण्यापेक्षा संग्रहालयाबाहेरच्या सावलीत बाकावर बसवा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. बाग लांबट पसरलेली आहे. अंतराचा अंदाज दिशादर्शक पाट्यांवरून येत नाही.

संध्याकाळ

साडेचारला बाहेर पडा, आता मुलांचा हट्ट पुरवा. पूर्वी इथे दहा इंची रुळांवरची चिमुकली गाडी धावायची. आमच्या पिढीने तिच्यात गुडघे पोटाशी घेऊन बसून फेऱ्या मारल्या. नंतर तिच्या जागी मोठी जॉय ट्रेन आली. ती चालू आहे का ते आधी विचारून घ्या. तिकिटाच्या रांगेत एकाने उभं राहावं आणि दुसऱ्याने मुलांचा हात धरावा, सोडू नये. रूळ बागेच्या रस्त्यांना छेदून जातात, गाडी फार आवाज करत नाही, आणि लहान मूल फुलपाखरामागे कधी पळेल सांगता येत नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उतरू देऊ नका.

मग फुलांचं घड्याळ. २० फूट व्यासाच्या या घड्याळाची यंत्रं जमिनीखाली आहेत आणि वर रोपांच्या तबकडीवर काटे फिरतात. नुकतंच घड्याळ वाचायला शिकलेलं पोर असेल तर त्याला वेळ सांगायला लावा. अंतराळाची आवड असेल तर सरदार पटेल तारांगणाच्या खेळाची वेळ सकाळीच विचारून ठेवा, कारण खेळ कोणत्या भाषेत आहे त्यावरही वेळ ठरते. शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळाही बागेत आहे. आमच्याकडे येणारी प्रत्येक मराठी आजी तिथे चप्पल काढून हात जोडते.

साडेपाचनंतर हिरवळीवर परत या, डबे रिकामे असतील, पिशवी हलकी. बॅडमिंटनची रॅकेट किंवा साधा चेंडू आणला असेल तर हाच वेळ त्याचा. चेंडू नदीपासून लांब खेळा. सूर्य कलला की वटवाघळं झाडांवरून सुटायला लागतात, आधी एक, मग दहा, मग आभाळभर. मुलांना पाठीवर झोपवून ते बघायला लावा, आणि ओडोमॉस त्याआधी लावून घ्या.

दिवे लागले की निघा. बाहेर पडल्यावर सेवउसळ खाल्ल्याशिवाय घरी जाऊ नका. आपल्या मिसळीची ही बडोद्यातली बहीण: वाटाण्याची उसळ, वर शेव, पातीचा कांदा, बरोबर पाव आणि वेगळ्या भांड्यात तिखट तरी. शहरभर गाडे आणि दुकानं आहेत, कीर्तिस्तंभाकडे विचारलंत तर कोणीही बोट दाखवेल. पहिल्यांदा खात असाल तर तरी अर्धीच घ्या, कमी पडली तर ते आणून देतात. आणि सतरंजी घरी गेल्या गेल्या झटकून उन्हात टाकायला सकाळची वाट बघू नका, रात्रीच दोरीवर टाका. दवाने ओली झालेली असते, गुंडाळून ठेवली तर पुढच्या रविवारपर्यंत तिला कुबट वास येतो.